रेग्युलेटर आधी उघडून बघा, मग विकत घ्या: मराठवाड्यातील आठही जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण (मराठवाड्यातील आठही जिल्हे)
आणि मा. अग्निशमन अधिकारी, सर्व महानगरपालिका व नगरपालिका

महोदय / महोदया,

पावसाळ्याआधीच्या खरेदीत शोध व बचाव पथकांसाठी स्कूबा संच (पाण्याखाली श्वास घ्यायची साधनं) घ्यायचं चाललं असेल, तर निविदेचा तांत्रिक तपशील कायम करण्याआधी हे पत्र वाचावं, ही विनंती. मागणी एकच आहे. जो रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारा भाग, आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाला उघडता येईल, साफ करता येईल, सुटे भाग बदलून परत जोडता येईल आणि तपासता येईल, तोच घ्या. कंपनीचं नाव, वजन, रंग आणि कॅटलॉगमधला निळाशार समुद्र हे सगळं त्यानंतर.

मी नांदेडचा. पोटापाण्याचा धंदा गाड्यांच्या गॅसकिटचा आणि डिझेल पंपाचा. त्याच हाताने एका स्वयंसेवी शोधपथकाची पाण्याखालची साधनं सांभाळतो, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे स्कूबा म्हटलं की साहेबलोकांना तारकर्ली आठवते. पण नाथसागर, विष्णुपुरी, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, मांजरा यांचं पाणी आपलं आहे, गोदावरीचे डोह आपले आहेत आणि गावोगावच्या कित्येक पुरुष खोल विहिरी तर मोजायच्याच नाहीत. बुडालेल्या माणसाला शोधायला आजही आधी बोलावणं जातं ते भोई-कोळी समाजातल्या पाणबुड्यांना. ते श्वास रोखून उतरतात, गळ टाकतात, आणि कित्येकदा तेच शोधून काढतात. एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळ, एसडीआरएफ धुळ्याला आणि नागपूरला. ती माणसं तरबेज आहेत, पण किनवटला किंवा भूम-परंड्याला पोचेपर्यंत जायचा तो वेळ जातोच. सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर हे कुणाला समजावून सांगायची गरज उरलेली नाही. म्हणजे साधनं जिल्ह्यातच हवीत. आणि ती चालू हवीत.

खरी अडचण "चालू" या शब्दात आहे. संच येतात, उद्घाटनाचे फोटो निघतात, दुसऱ्या वर्षी रेग्युलेटरमधून फुसफुस सुरू होते आणि तिसऱ्या वर्षी तो डेडस्टॉक रजिस्टरमध्ये जातो. कुणी चोरलेला नसतो, कुणी आपटलेला नसतो. आतल्या एका रबरी चकतीवर चरा उमटलेला असतो, एवढंच. माझ्या ओळखीच्या एका पथकाचे संच सर्व्हिसिंगला मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडे गेले, "पार्ट बाहेरून मागवलाय" असं ऐकत पथकाने पावसाळा काढला आणि संच परत आले तेव्हा गणपती विसर्जन होऊन गेलेलं होतं. विक्रेत्याचा फार दोष नव्हता. खरेदी करतानाच कुणी विचारलं नव्हतं की याचे भाग मिळतात कुठे आणि कुणाला.

आता यंत्राबद्दल थोडं, कारण ते वाटतं तितकं गूढ नाही. सिलिंडरमध्ये हवा २०० बारच्या आसपास दाबाने भरलेली असते. सिलिंडरच्या तोंडावर बसतो तो फर्स्ट स्टेज. तो हा दाब उतरवून आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इतक्यावर आणतो. याला मधला दाब म्हणतात. तोंडात धरतो तो सेकंड स्टेज. आपण श्वास ओढला की त्यातला पातळ डायफ्रॅम (रबरी पडदा) आत ओढला जातो, लिव्हर दबतो, सीट (हवेची वाट बंद करणारी चकती) उचलली जाते आणि लागेल तेवढीच हवा येते. बस्. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी याचा पहिला यशस्वी संच केला, तेव्हा गान्यांच्या हातात कोणतं काम होतं, ठाऊक आहे? युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून गाड्या गॅसवर चालवायचे व्हॉल्व्ह. मागणीप्रमाणे गॅस सोडणारं तेच तत्त्व त्यांनी पाण्याखाली नेलं. तेव्हा गॅसकिट बसवणाऱ्या माणसाला रेग्युलेटर कळणार नाही, असं कुणी म्हटलं की मला जरा हसू येतं. कळतो. पण कळणं आणि दुसऱ्याच्या जिवाची जोखीम घेऊन जोडणं यात अंतर आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

निवड खरी ठरते फर्स्ट स्टेजवर, म्हणून इथे थोडं थांबतो. मुख्य प्रकार दोन: पिस्टनचा आणि डायफ्रॅमचा.

सगळ्यात साधा तो अनबॅलन्स्ड पिस्टन. स्क्युबाप्रोचा एमके२ हे त्याचं ठळक उदाहरण. आत हलणारा मुख्य भाग एकच, पिस्टन. स्प्रिंग एक, ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या गोल रबरी कड्या) मोजक्या, आणि हलत्या ओ-रिंगांवर येतो तो फक्त मधला दाब. पूर्ण २०० बारचा दाब सोसत घासणारी ओ-रिंग त्यात नाहीच. शिकाऊ पोराला पहिल्यांदा उघडायला द्यावा तर हाच. तोटा असा की सिलिंडर रिकामा होत जाईल तसा मधला दाब थोडा उतरतो आणि श्वास जड लागू लागतो. विहिरीच्या खोलीला हे चालून जातं. बहुतेक साध्या पिस्टनमध्ये बाहेरून स्क्रू फिरवून दाब लावायची सोयही नसते.

बॅलन्स्ड पिस्टन, म्हणजे सिलिंडर रिकामा होत गेला तरी मधला दाब सारखा ठेवणारा, हवा भरपूर देतो, समुद्रातल्या खोल डाइव्हसाठी लोकांना तो आवडतो. आपल्यासाठी मी तो नको म्हणेन. त्यात पिस्टनच्या दांड्यावर एक बारीक ओ-रिंग असते. तिच्या एका बाजूला सिलिंडरचा पूर्ण दाब आणि दुसऱ्या बाजूला उघडं पाणी. मालवणच्या स्वच्छ पाण्यात ती वर्षानुवर्षं चालेल. पण पुराच्या गोदावरीत पाण्याबरोबर काळ्या मातीचा गाळ आणि बारीक वाळू आत जाते, दांड्यावर बसते, आणि पिस्टनच्या प्रत्येक हालचालीला ती ओ-रिंग घासली जाते. ती बदलायला खास हत्यार लागतं. नसलं की पिस्टन परत बसवतानाच नवी ओ-रिंग कापली जाते.

राहिला डायफ्रॅम, आणि त्यातही बाहेरून सीलबंद केलेला. अपेक्सचा डीएस४, स्क्युबाप्रोचा एमके१७ ही त्या घरातली माणसं. यात आतल्या यंत्रणेत पाणी शिरतच नाही. बाहेर एक जादा रबरी पडदा असतो, पाण्याचा दाब त्यातून आत पोचतो, गाळ मात्र बाहेर राहतो. भाग पिस्टनपेक्षा जास्त असतात हे खरं, पण मधला दाब चावीने कमी-जास्त करता येतो आणि सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला, श्वास सारखा लागतो. दोन्ही प्रकार समोर ठेवून कुणी मला एकच निवडायला सांगितला, तर मी गढूळ पाण्यासाठी हाच निवडेन, आणि सराव व प्रशिक्षणासाठी एखादा साधा पिस्टन सोबत ठेवेन.

इथे एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. निविदांमध्ये "अतिथंड पाण्यासाठी योग्य" अशी अट दिसते. ती कुठल्या तरी युरोपीय माहितीपत्रकातून उचललेली असते. तिकडे ईएन २५० या मानकात १० अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्याची वेगळी चाचणी असते, कारण तिथे फर्स्ट स्टेज आतून गोठतो आणि हवा सुसाट सुटते. आपल्या धरणाचं पाणी पौषातही १० अंशांखाली जात नाही. म्हणजे अट चुकीच्या कारणासाठी लिहिली जाते, पण थंडीसाठी केलेलं तेच सीलिंग आपल्याकडे गाळासाठी कामी येतं! तेव्हा अट काढू नका, फक्त नीट लिहा: "फर्स्ट स्टेजची यंत्रणा बाहेरील पाण्यापासून सीलबंद असावी." ईएन २५० चं प्रमाणन मात्र अवश्य मागा.

सेकंड स्टेज जितका साधा तितका बरा. साधा डाउनस्ट्रीम व्हॉल्व्ह: एक पॉपेट (पुढेमागे सरकणारी झडप), एक स्प्रिंग, एक लिव्हर, एक सीट. याचा मोठा गुण हा की फर्स्ट स्टेजकडून दाब वाढला तर तो बंद पडत नाही, उघडा पडतो; हवा वाया जाते, पण माणसाला मिळत राहते. काही महागड्या रेग्युलेटरमध्ये नाजूक सर्व्हो व्हॉल्व्ह असतो. श्वास लोण्यासारखा येतो, पण त्याची दुरुस्ती आपल्याकडच्या टेबलावर करण्यासारखी नाही. आणि ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठीचा जादा सेकंड स्टेज, त्याच मॉडेलचा घ्या. स्वस्त वेगळा घेतला की सीट वेगळी, स्प्रिंग वेगळी, डबी वेगळी.

जोडणी शक्यतो डिन पद्धतीची, आट्यांची घ्या. त्यात ओ-रिंग रेग्युलेटरवर बंदिस्त बसते. यॉक, म्हणजे चिमट्यासारख्या पकडीच्या पद्धतीत ती सिलिंडरच्या तोंडावर उघडी असते, विहिरीच्या काठावर दगडाला घासली की निसटते. दुसऱ्या जिल्ह्यातून सिलिंडर आणावा लागला तर एक अडॅप्टर पेटीत असू द्या.

आता सुट्या भागांचा मुद्दा. सगळा डाव इथेच जिंकला किंवा हरला जातो. रेग्युलेटरमधल्या बऱ्याचशा ओ-रिंगा एएस५६८ या प्रमाणित मापयादीतल्या असतात. फर्स्ट स्टेजला जोडणाऱ्या लो प्रेशर नळीला ०११, हाय प्रेशर नळीला ०१२, सेकंड स्टेजच्या टोकाला ०१०, प्रेशर गेजच्या फिरत्या सांध्यात इवल्याशा ००३. माप, रबराचा प्रकार आणि कडकपणा बिनचूक सांगितला, तर वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांना सील पुरवणाऱ्या दुकानदाराकडे विचारता येतं. नायट्राइल की ईपीडीएम, ७० कडकपणाची की ९० ची, हे मात्र आकृतीत बघूनच ठरवायचं. कुकरची रिंग बसली म्हणजे झालं, तसं इथे नाही. हाय प्रेशरच्या जागी ७० ची मऊ रिंग बसवली तर ती फटीत पिळून बाहेर येते.

पण सीट, डायफ्रॅम आणि पॉपेट हे त्या-त्या कंपनीचे स्वतःचे भाग. ते बाजारात मिळत नाहीत, लेथवर करता येत नाहीत, आणि करूही नयेत. आणि जगातले बहुतेक उत्पादक हे भाग फक्त अधिकृत विक्रेत्याला किंवा त्यांच्याकडून शिकलेल्या तंत्रज्ञालाच देतात. म्हणून ही अट खरेदीनंतर घालून उपयोग नाही, निविदेतच हवी. प्रत्येक संचामागे किमान दोन पूर्ण सर्व्हिस किट. सुट्या भागांची क्रमांकासह आकृती आणि दुरुस्तीपुस्तिका, छापील. खास पाने, हत्यारं आणि मधला दाब मोजायचा गेज. प्रत्येक जिल्ह्यातल्या दोन कर्मचाऱ्यांना उत्पादकाचं दुरुस्ती प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र, म्हणजे पुढे भाग मागवताना त्यांच्या नावाने मागवता येतील. पुढची दहा वर्षं भाग पुरवायची लेखी हमी. जो पुरवठादार हे द्यायला तयार नाही, तो एल-वन (सर्वांत कमी दराचा) असला तरी तांत्रिक लिफाफ्यातच बाद करा. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवर कंपनीचं नाव लिहिता येत नाही हे मला माहीत आहे. ही सगळी गुणांची वर्णनं आहेत, नावांची नाहीत. मी वर दोन नावं घेतली ती ओळख पटावी म्हणून, त्यांचीच खरेदी करा असा अर्थ कृपया काढू नये.

आठही जिल्ह्यांनी एकच मॉडेल घेतलं तर आणखी बरं. हिंगोलीच्या पेटीतली सीट परभणीला चालेल, लातूरचा माणूस धाराशिवचा रेग्युलेटर डोळे झाकून जोडेल. विभागीय आयुक्तालयाने एकत्रित दरकरार केला, तर चार-दोन संच मागणाऱ्या एकट्या नगरपालिकेला जो भाव आणि जी वागणूक मिळते, त्यापेक्षा बरी मिळेल.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: "जीव वाचवायचं साधन गॅरेजवाल्याच्या हातात द्यायचं?" प्रश्न रास्त आहे. पण आज ते कुणाच्याच हातात नाही, कपाटात आहे. आणि दुरुस्ती बरोबर झाली की नाही हे कुणाच्या तोंडच्या शब्दावर ठरत नाही, गेजवर ठरतं. सिलिंडर जोडला, मधला दाब पुस्तिकेत दिलेल्या आकड्यावर आला, काही श्वास घेतल्यावर परत तिथेच येऊन थांबला आणि थांबलेला राहिला, तर फर्स्ट स्टेज ठीक. काटा थांबायच्या ऐवजी हळूहळू चढत राहिला, तर हाय प्रेशरची सीट खराब आहे. तो रेग्युलेटर पाण्यात जायचा नाही, कितीही घाई असो. सेकंड स्टेज किती ओढल्यावर उघडतो, ते बघायला पारदर्शक नळीचा यू आकाराचा पाण्याचा मापक पुरतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच. पाण्याची पातळी साधारण ३ सेंटिमीटरचा फरक दाखवेल तेव्हा हवा यायला हवी. त्याहून फार आधी आली तर जरा हललं की फुसफुसणार, फार उशिरा आली तर दमलेल्या माणसाला श्वास ओढवणार नाही. मग सगळा संच पाण्याच्या टाकीत बुडवून बुडबुडे बघायचे. शेवटी, ज्याने जोडला त्यानेच तो लावून आधी उथळ पाण्यात उतरायचं. आमच्याकडे हा नियम आहे, आणि त्याने हात आपोआप काळजीपूर्वक चालतात.

जोडणारा एक आणि तपासणारा दुसरा, असा रिवाज ठेवा. प्रत्येक रेग्युलेटरची वही ठेवा: तारीख, बदललेले भाग, मधला दाब, दोन सह्या. एवढं झालं की चौकशीची वेळ आली तरी अधिकाऱ्याच्या हातात कागद असतो. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) पावतीपेक्षा तो कितीतरी जड असतो.

आपल्या हवेपाण्याच्या दोन खोड्या पुस्तिकेत नसतात, त्या इथे लिहितो. एक, आपल्या बोअरचं पाणी. समुद्रातल्या पाणबुड्याला "गोड्या पाण्याने धुवा" सांगितलेलं असतं. आपलं गोडं पाणी इतकं जड की धुतल्यावर पांढरा थर राहतो आणि तोच पिस्टनच्या नळकांड्यात खरखरतो. शेवटचं धुणं आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात करा. आत थर चढलाच असेल तर क्रोमच्या पितळी भागांना पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर पुरतं, तेही थोडाच वेळ. आणि धुताना फर्स्ट स्टेजची टोपी घट्ट हवी, सेकंड स्टेजचं मधलं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी नळीवाटे उलटं आत जातं. दोन, उन्हाळा. चैत्र-वैशाखात अग्निशमन गाडीच्या पत्र्याच्या कपाटात संच ठेवला की रबर कडक होणारच. रेग्युलेटर गाडीत नको, सावलीच्या खोलीत, नळ्या न मुरगळता, मोकळ्या वेटोळ्यात ठेवा.

आणि बहुतेक उत्पादक सांगतात "इतक्या डाइव्हनंतर किंवा वर्ष-दोन वर्षांनी सर्व्हिस". आपले संच डाइव्हने झिजत नाहीत, पडून झिजतात. महिनोन्‌महिने स्प्रिंग एकाच जागी सीट दाबून धरते आणि तिथे खाच पडते. म्हणून दर महिन्याला संच जोडून पाच मिनिटं गेज बघणं आणि मृगाच्या आधी पूर्ण तपासणी करणं, एवढं वेळापत्रक आपल्याला पुरे.

ग्रीस कुठलंही चालत नाही. गाडीचं ग्रीस, स्प्रे, खोबरेल यातलं काहीही नको. ईपीडीएम रबर पेट्रोलजन्य तेलाने फुगतं, आणि तेलाची वाफ श्वासात जाते ती वेगळीच. पुस्तिकेत दिलेलंच वंगण, तेही ओ-रिंग चमकेल इतकंच. आणि ओ-रिंग काढायला पोलादी सुई नको. खाचेवर ओरखडा पडला की तो भाग गेला. पितळी किंवा प्लास्टिकचा आकडा घ्या.

काही गोष्टी मात्र आपल्या टेबलावर करायच्याच नाहीत. सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाने मजबुतीची चाचणी) गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे मान्यताप्राप्त केंद्रातच व्हावी. पेसो या केंद्रीय स्फोटक-सुरक्षा संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे, यादी मागवायला लांब जायला नको. कॉम्प्रेसरचे फिल्टर बदलायची तारीख पाळा. रेग्युलेटर कितीही चांगला असला तरी हवा घाण असेल तर तो घाण हवाच चोख पोचवेल. आणि अग्निशमन दलाचे धुरातले बीए सेट (श्वसनसंच) पाण्याखाली वापरायचे नाहीत. दिसायला भावंडं वाटली तरी त्यांचा व्हॉल्व्ह धुरासाठी केलेला असतो.

ज्यांच्या अंगावर हे संच चढणार, त्या भोई-कोळी पाणबुड्यांना आणि अग्निशमन जवानांना खरेदी समितीत एक खुर्ची द्या. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पुरवठादाराला रेग्युलेटर नुसता दाखवायला सांगू नका. टेबलावर उघडायला सांगा, सीट बदलायला सांगा, परत जोडून गेज लावायला सांगा. किती वेळ लागतो, कोणती हत्यारं लागतात, कोणता भाग "आमच्या वर्कशॉपलाच पाठवावा लागेल" म्हणून तो बाजूला सारतो, हे समितीने लिहून घ्यावं. नांदेडला असं प्रात्यक्षिक ठेवलं तर टाकी, गेज आणि पाने घेऊन मी हजर राहीन, मानधनाशिवाय.

कळावे,
आपला विनम्र,
एक वर्कशॉपवाला, नांदेड